सखुबाईचा अंगठा

सखुबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम बारीक कापलेलं असायचं. बाकीची नखं वाढोत, त्यांत माती जावो, कोळंबी सोलताना ती तुटोत, तिचं लक्ष नसे. हा एक अंगठा मात्र ती देवाच्या पळीसारखा राखायची. गावात कुणाचं पोर गिळताना रडायला लागलं, की त्याची आई त्याला कडेवर घेऊन सखुबाईच्या ओट्यावर यायची. सखुबाई पोराला मांडीत घ्यायची, डाव्या हाताने हनुवटी धरायची, अंगठा जाड्या मिठात आणि हळदीत बुडवायची, आणि "आ कर रं माझ्या राजा" म्हणेपर्यंत अंगठा आत जाऊन, पडजीभ वर दाबून, बाहेरही आलेला असायचा. पोराला उमासा यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मग तोंडात गुळाचा खडा पडायचा आणि ते हुंदके देत घरी जायचं. घसा धरला म्हणजे पडजीभ खाली लोंबली, ती उचलून जागेवर बसवली की घसा सुटतो, असा उरणच्या खाडीकाठच्या त्या गावाचा पिढ्यानपिढ्यांचा समज होता. बरीचशी पोरं बरी व्हायचीही. ती आपोआपच झाली असती, हे कुणाच्या मनात येत नसे.

ही विद्या तिला सासूकडून मिळाली होती. सासू मनुबाई फार बोलणारी नव्हती. लग्न होऊन आलेल्या सुनेला तिने भाकरी थापायला शिकवली, मिठागरातलं मीठ ओढायला शिकवलं आणि शेवटी पडजीभ उचलायला शिकवलं. मिठागर आता राहिलेलं नाही. त्या जागी कंटेनरचं यार्ड आहे आणि सखुबाईचा मुलगा निकेत त्याच यार्डात सुपरवायझर आहे. पण आगरातल्या शेवटच्या मिठाची एक बरणी सखुबाईने फळीवर जपून ठेवली होती. जेवणात ते मीठ ती कधी घालत नसे. ते फक्त घशाचं मीठ.

या कामाचं तिने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. कुणी नारळ ठेवून जाई, कुणी वाटीभर सुकट. पण लग्नाकार्यात तिला हात धरून पुढच्या पाटावर बसवत, ते त्या अंगठ्यामुळे, हे तिला कळत होतं आणि आवडतही होतं.

घरात मात्र त्या अंगठ्याला बंदी होती. ती बंदी सुनेने घातली होती, आणि तिला कारण होतं.

सखुबाईचा नवरा बुधाजी हृदयाच्या झडपेच्या दुखण्याने गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, "लहानपणी यांना घसा दुखून ताप यायचा का? नंतर सांधे सुजायचे का?" बुधाजीला आठवत होतं. गुडघे एवढे सुजायचे की बाप त्याला खांद्यावर बसवून आगरावर न्यायचा. डॉक्टरांनी सांगितलं की घशाचा एक जंतू असा असतो, त्याला वेळेवर औषध दिलं नाही तर घसा बरा होतो, पण पुढे सांधे धरतात आणि कधी कधी हृदयाची झडप खराब होऊन बसते. ते बोलणं रुचिताने, म्हणजे सुनेने, कायमचं लक्षात ठेवलं. सखुबाईनेही ऐकलं होतं. पण तिने मनात वेगळाच अर्थ लावला: सासूने आपल्या लेकाची पडजीभ वेळेवर उचलली नसणार.

रुचिता माणगावकडची. मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. बोलणं मऊ, पण एकदा ठरवलं की ठरवलं. तिची मुलगी अमिषा शाळेत जायला लागली तेव्हाच तिने सासूला सांगून टाकलं होतं, "आई, गावातल्यांचं तुम्ही काय करता ते तुमचं तुम्ही बघा. आपल्या अमिषाच्या घशात बोट घालायचं नाही."

"नाय घालनार गो," सखुबाई म्हणाली होती. "माझी कय नात नाय ती? तू बोलशील तसा."

आणि पुढे एक दिवस रुचिताने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून घशाच्या टेस्टची पेटी मागवली. घरच्या घरी करायची. कापसाची काडी घशात फिरवायची, थेंब टाकलेल्या नळीत घोळवायची, मग त्यात पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर तो जंतू नाही, दोन आल्या तर आहे. कोरोनाच्या दिवसांपासून रेघा वाचायला गावातली बरीच माणसं शिकली होती. सखुबाईला मात्र त्याच्याही आधीची रेघांची पट्टी आठवली.

"तुला दिस रायले तवा दोन रेघा आल्या त पेढं वाटलंव," ती म्हणाली. "आता दोन आल्या त रडाचं. रेघांचा काय खरा नाय गो बाय."

रुचिता हसली होती. पेटी कपाटात वरच्या कप्प्यात गेली.

त्या शनिवारी सकाळी शेजारची ठमी आपल्या नातवाला, पियूषला, घेऊन आली. ठमी आणि सखुबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. दोघींचं भांडण आणि प्रेम एकाच ताटात चालायचं.

"सखूबाय, बघ गो याला. पेज पन गिलत नाय. नाटका करतंय का खराच हाय, तूच सांग."

"तुझा नातू ना? मंग नाटकाच असतील," सखुबाई म्हणाली आणि पियूषला मांडीत घेतलं. नेहमीसारखा अंगठा आत गेला, बाहेर आला. तिने तो पदराला पुसला. ठमी चहा पिऊन, गावातल्या दोन-तीन घरांची खबर सांगून गेली.

दुपारी अमिषा शाळेतून आली ती दप्तर न काढताच जमिनीवर आडवी झाली. अंग गरम नव्हतं, पण गिळताना तोंड वाकडं करत होती. सखुबाईने तिला मऊ भात भरवायला घेतला, तर पहिल्याच घासाला तिचे डोळे भरले. "आजी, काटा टोचतो गं आत."

सखुबाईने शब्द दिला होता, आणि तो मोडायचं तिच्या मनात नव्हतं. ती हळदीचं दूध करायला उठली. मागून पोरीचा बारीक, दाबलेला हुंदका आला. सकाळीच या हाताने परक्याचं पोर बरं केलं, आणि घरचं पोर डोळ्यांदेखत तळमळतंय. कागदात बांधलेल्या काडीची वाट बघत बसायचं? फळीवरची बरणी हाताला कधी लागली हे तिचं तिलाच कळलं नाही.

अमिषाने शहाण्या मुलीसारखा आ केला. ओकारी आली, पाणी आलं, गुळाचा खडा मिळाला. तोंडाला हळद लागली होती ती सखुबाईने ओल्या फडक्याने पुसली.

"आईला नको सांगू हां, माझी बाय. आपलं दोघींचंच."

अमिषाने मान हलवली. आजीचं नि आपलं गुपित आहे याचा तिला आनंदच झाला होता.

संध्याकाळी रुचिता आली तेव्हा अमिषाला ताप चढला होता. घसा दुखतोय हे कळताच रुचिताने पर्स टेबलावर टाकली, हात साबणाने धुतले आणि कपाटातून पेटी काढली. निकेत पाळीवर होता. रुचिताने मोबाइलची बत्ती सखुबाईच्या हातात दिली आणि पेटीवरचा कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मध्येच थांबून तिने विचारलं, "आई, हिने आता काही खाल्लं नाही ना? गुळण्या, मीठ, हळद, घशाला काही लावलंय का? लावलं असेल तर रिझल्ट बरोबर येत नाही, लिहिलंय इथे."

अमिषाने आजीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिच्या त्या पाहण्यात 'सांगू का?' असा प्रश्न होता आणि 'नाही सांगणार' असं वचनही.

"नाय," सखुबाई म्हणाली. "दूध घेतलंन दुपारी, तेवढाच."

रुचिताने काडी घशात फिरवली, पोरीला उमासा आला, रुचिताने पटकन काडी बाहेर काढली. नळीत घोळवली, पट्टी बुडवली. तिघी पट्टीवर वाकल्या. एक रेघ उमटली. दुसरी आली नाही. रुचिताने पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, तिरकी करून पाहिली.

"एकच," ती म्हणाली आणि खाली बसली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. "साधं व्हायरल आहे, आई. मी ताप बघितल्यापासून बाबांच्या त्या झडपेचाच विचार करत होते." तिने सासूचा हात हातात घेतला. तोच हात. सखुबाईने तो पाणी आणायचं निमित्त करून सोडवून घेतला.

तेव्हाच सांगता आलं असतं. पुढे तिला वारंवार तेच आठवत राहिलं. पेटीत आणखी एक काडी होती. सकाळी तोंड धुऊन पुन्हा करू, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण रुचिता इतकी हलकी होऊन बसली होती, आणि सखुबाईला वाटलं की कदाचित खरंच काही नसेल. शिवाय पडजीभ उचलली आहेच. सकाळपर्यंत पोर बरं होईल, मग सांगायचं कशाला?

रविवारी अमिषा तापाच्या औषधाने दुपारभर बरी होती आणि औषध उतरलं तशी पुन्हा म्लान झाली. रुचिता म्हणाली, "व्हायरलला तीन-चार दिवस लागतातच." सखुबाईने आल्याचा काढा केला, पेज केली, पेजेत तूप घातलं. ती सारखी काहीतरी करत होती. बसली की फळीवरची बरणी दिसायची. शेवटी तिने बरणी उचलून तांदळाच्या डब्यामागे ठेवली. मग बरणीची रिकामी जागा दिसायला लागली.

सोमवारी रुचिता कामावर गेली. सुट्टी टाकायचा तिचा विचार होता, पण सखुबाईच म्हणाली, "जा तू, मी हाय." हेही नंतर तिला बोचलं.

दुपारी अमिषा न्हाणीत जायला उठली आणि मध्येच भिंतीला धरून थांबली.

"आजी, माझा गुडघा दुखतो."

सखुबाई पदर खोचून भाजी चिरत होती. विळी तशीच राहिली. तिने पोरीला उचलून खाटेवर बसवलं, फ्रॉक वर करून दोन्ही गुडघे पाहिले. हात फिरवला. सूज आहे की नाही, तिला ठरवता येईना. तिच्या डोळ्यांपुढे बुधाजी होता, बापाच्या खांद्यावर बसलेला, तिने कधीच न पाहिलेला लहान बुधाजी. मग इस्पितळातला बुधाजी, दोन जिने चढून धापा टाकणारा.

निकेतने तिला मोबाइल शिकवला होता, हिरवं बटण दाबायचं एवढं. तिने रुचिताला फोन लावला.

"आई? काय झालं?"

"पोरीचा गुडघा दुखतंय."

रुचिता स्वतःलाच समजावल्यासारखी म्हणाली, "तापाने दुखत असेल. टेस्ट तर निगेटिव्ह होती ना."

"ती टेस त खोटी हाय," सखुबाई म्हणाली. "मी शनवारी दुपारी तिची पडजीभ उचललेली. मीठ-हलद लावून. तू विचारलंस तवा मी खोटा बोललू. पोरीला पन गप बसवलं मी. तिचा काय दोष नाय."

पलीकडून ऑफिसातल्या पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"रुचिता, बोल ना गो कायतरी. शिव्या घाल."

"तिच्या पायात चपला घाला आणि रिक्षाने नाक्यावर घेऊन या," रुचिता म्हणाली. "मी तिथे येते."

दवाखान्यात जाईपर्यंत रुचिता सासूशी एक शब्द बोलली नाही. अमिषाला मांडीवर घेऊन बाहेर बघत राहिली. शिव्या घातल्या असत्या तर त्या उचलून घेता आल्या असत्या. या गप्प बसण्याचं काय करावं, हे सखुबाईला कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी घसा पाहिला, मानेच्या गाठी चाचपल्या, गुडघे वाकवून पाहिले, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. तो वेळ सखुबाईला फार मोठा वाटला. मग त्यांनी स्वतः काडी फिरवली, दोन्ही बाजूंनी नीट, अमिषा रडली तरी न थांबता. पट्टीवर एक रेघ आली आणि तिच्यामागोमाग दुसरी.

"तोच जंतू आहे," बाई म्हणाल्या. "पण घाबरू नका. हृदय ठीक वाटतंय. गुडघ्याला सूज नाही, हे तापाचं दुखणं आहे. सांधे धरायचे ते नंतर, घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी. तुम्ही वेळेत आलात. औषधाची बाटली पूर्ण संपवायची, बरं वाटलं तरी. मध्ये सोडायची नाही."

रुचिताने विचारलं, "मग शनिवारी एकच रेघ कशी आली?"

सखुबाई उभी राहिली. वर्गात चूक कबूल करायला मूल उभं राहतं तशी. "माझ्यामुलं, बाई. मी मीठ-हलदीचा अंगठा घातलेला घशात."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही. "त्यामुळे झालं असेल. काडी नीट जागी लागली नसेल, त्यानेही झालं असेल. अगदी नीट केली तरी ही टेस्ट कधी कधी चुकते. आजी, नक्की कशाने ते मला नाही सांगता येणार. पण एक रेघ आली म्हणून मूल बरं, असं नसतं. मुलाकडे बघायचं."

सखुबाईला वाटलं होतं की तिच्या चुकीला डॉक्टर एक नाव देतील, एक माप देतील. तेही मिळालं नाही. रुचिता मात्र हळूच म्हणाली, "मी पण रेघेकडेच बघत बसले दोन दिवस." आणि तेव्हा पहिल्यांदा तिने सासूकडे पाहिलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "घरात, शेजारात आणखी कुणाचा घसा दुखतोय का? हा पसरतो. आणि आजी, तो अंगठा… एकाच्या तोंडातला दुसऱ्याच्या तोंडात जातो, तेवढं लक्षात घ्या."

परतीच्या रिक्षात सखुबाई अंगठा मुठीत धरून बसली होती. शनिवारी सकाळी पियूष. दुपारी अमिषा. मध्ये एक पदर.

"रुचिता," ती गावाच्या वळणावर म्हणाली, "ठमीचा पियूष."

"काय?"

"त्याची पन उचललेली. त्याच दिवशी. सकाली."

रुचिताने डोळे मिटले. मग म्हणाली, "घरी एक टेस्ट शिल्लक आहे. मी घेऊन येते तुमच्याबरोबर."

अमिषाला पाळीवरून आलेल्या निकेतजवळ ठेवून, रिक्षा तशीच थांबवून दोघी ठमीकडे गेल्या. ठमी दारात जवळा पाखडत होती. पियूष आत पलंगावर टीव्हीसमोर पडला होता, अंगावर चादर.

"ये गो, ये," ठमी म्हणाली. "मी तुझ्याकडंच येनार होतू. त्या दिवशी कमी दाबलंस वाटतं. परत धरलंय त्याला. आज जरा जोरात उचल."

सखुबाई दाराच्या चौकटीला टेकली. इतक्या वर्षांत या घरात ती कधी अशी उंबऱ्याबाहेर थांबली नव्हती. "ठमे, मी आता नाय उचलनार. कोनाचीच नाय." आणि तिने सगळं सांगितलं. अमिषाचं, खोट्याचं, दवाखान्याचं, बुधाजीच्या झडपेचं. ठमीचं सूप हातातच राहिलं.

"चल, कायतरीच," ठमी म्हणाली. "माझ्या चार पोरांचं घसे तूच सोडवलंस. मेली का एक तरी?"

"नाय मेली. पन कोनाच्या छातीत काय राह्यला, ते मना काय ठावं?"

ठमी उठली. सखुबाईकडे न बघता म्हणाली, "मंग आता आमी कुठं जावचं, घसा धरला त?"

"दवाखान्यात. मी येईन संगती."

पियूष काडी बघूनच तोंड दाबून बसला. रुचिताला जुमानेना, ठमीने दटावलं तरी जुमानेना. शेवटी सखुबाई पुढे झाली. पलंगावर बसून तिने त्याला मांडीत घेतलं, डाव्या हाताने हनुवटी धरली. पोराने सवयीने आ केला. सखुबाईने उजवा हात स्वतःच्या पाठीमागे घेतला आणि रुचिताला खूण केली. काडी आत गेली, दोन्ही बाजूंनी फिरली.

मग सगळ्या पट्टीवर वाकल्या. पहिली रेघ आली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी दुसरी, फिकट, पण नीट दिसणारी.

ठमीने चष्मा लावला. तिने पट्टी उजेडाला धरली आणि तिचा चेहरा खुलला. "दोन हायत गो. दोन म्हंजे बरा ना?"

रुचिता बोलायला गेली, पण सखुबाईने तिला हाताने थांबवलं. हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

"नाय, ठमे," ती म्हणाली. "बरा नाय. उठ, चपला घाल पोराला. रिक्षा बाहेर उभीच हाय."